पोळपाटावरचा बगळा

आमच्या ह्यांना नवा छंद लागला की मी घरातल्या वस्तूंवर नजर ठेवायला लागते. फोटोग्राफीच्या वेळी माझी काळी रेशमी साडी पार्श्वभूमी म्हणून भिंतीला खिळ्यांनी ठोकली गेली होती. घरी चीज करण्याच्या वेळी माझ्या चांगल्या सुती ओढण्या गाळणं म्हणून कामी आल्या. त्यामुळे जपानी चित्रांचा छंद लागला तेव्हा मी आधी कपड्यांच्या कपाटाला कुलूप लावलं आणि निश्चिंत झाले. स्वयंपाकघराला कुलूप नसतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

हे सौदीतल्या अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर इंजिनिअर. आम्ही राहतो खोबरला. पहाटे कंपनीची बस ह्यांना घेऊन जाते आणि संध्याकाळी धुळीसकट परत आणून सोडते. तिथे एका मोठ्या कॉम्प्रेसरच्या देखभालीसाठी एक जपानी गृहस्थ आले होते. साठीच्या आसपासचे, अंगाने किरकोळ, आणि बोलणं अगदी कमी. ह्यांना कमी बोलणारी माणसं फार आवडतात, कारण मग सगळं बोलणं ह्यांच्याच वाट्याला येतं. दोघांची गट्टी जमली. हे त्यांना डब्यातली बटाट्याची भाजी द्यायचे आणि ते ह्यांना समुद्री शेवाळाचे वाळवलेले कागद द्यायचे. भाजी तिथे दोघं मिळून संपवायचे. शेवाळ मात्र घरी माझ्यासाठी यायचं.

दिवाळीला आम्ही त्यांना फराळाला बोलावलं. येताना त्यांनी एक चित्र आणलं, लाकडी ठशाने छापलेलं. वर काळपट निळं आकाश, मधे बर्फाने वाकलेली फांदी आणि खाली पाण्यात एका पायावर उभा असलेला बगळा. पांढऱ्या बर्फात पांढरा बगळा, तरी तो लगेच दिसत होता. मी म्हटलं, पांढरा रंग काय सुंदर लावलाय! त्यांनी मान हलवली. त्यांचं इंग्रजी तीन-तीन शब्दांचं होतं, पण समजायला सोपं. म्हणाले, पांढरा रंग लावलेलाच नाही. तो कागद आहे. जिथे बर्फ हवा तिथलं लाकूड कोरून काढून टाकायचं, म्हणजे तिथे शाई लागत नाही, आणि जे उरतं तो बर्फ. मग त्यांनी माझं बोट धरून बगळ्याच्या पंखावरून फिरवलं. पिसं हाताला लागत होती. शाई न लावता नुसता ठसा दाबून ती कागदावर उठवली होती.

कोपऱ्यात काही अक्षरं उभी लिहिलेली होती. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, तळ्याचं नाव. एका देवळाजवळचं तळं आहे, त्याच्या काठचा हा बर्फ. त्यांच्याकडे अशा चित्रांना बहुतेक वेळा गाव असतं. अमक्या पुलावरचा बर्फ, तमक्या किनाऱ्यावरचा बर्फ. उगाच कुठलातरी बर्फ नाही. मला हे फारच आवडलं. आमच्याकडे आंब्याला गाव असतं, तसं त्यांच्याकडे बर्फाला.

तेवढ्यात हे चकली मोडत म्हणाले, "हे तर मी पण करू शकतो."

ह्या एका वाक्याने आमच्या घराचं आजवर जेवढं नुकसान केलंय, तेवढं वाळूच्या वादळांनीसुद्धा केलेलं नाही. मी डोळे वटारले, पण हे पुढे गेले होते. जपानी गृहस्थांचं काम जानेवारीअखेर संपणार होतं आणि ते कायमचे मायदेशी परतणार होते. हे त्यांना म्हणाले, "तुम्ही जायच्या आत मी तुम्हाला माझ्या हातचं चित्र देणार. प्रॉमिस." ते उठून उभे राहिले आणि कमरेत वाकले. हेही वाकले. इतक्या वाकावाकीनंतर शब्द मागे घेण्याची सोय राहत नाही.

मग आमच्याकडे हिवाळा सुरू झाला. बाहेर तो दरवर्षी येतो. खोबरला जानेवारीत वारा सुटला की स्वेटर लागतो आणि फरशी पायाला चावते. पण ह्या वर्षी तो घरातही आला. जेवणाच्या टेबलावर पटाश्या, कोरण्या, शाईच्या बाटल्या. शाईत भाताची खळ घालायची असते असं ह्यांनी कुठेतरी पाहिलं, म्हणून रोज भात मऊ. कागदावर घासायला जपानी लोक एक खास गोल गादी वापरतात. ती मिळेना, म्हणून माझी आमटीची वाटी. आठवीतली आमची लेक त्या वाटीत काळी आमटी बघून म्हणाली, "मम्मा, धिस इज चाइल्ड अब्यूज," आणि मॅगी करायला निघून गेली.

बगळा प्रत्यक्ष बघितल्याशिवाय काढता येत नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सगळे समुद्रकाठी. थंडीत खोबरच्या किनाऱ्यावर बरेच पक्षी येतात. दूर उथळ पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उभे असतात, बगळे तर अगदी फिरायच्या रस्त्यापर्यंत येतात. ह्यांनी एक बगळा हेरला. तो एका पायावर, मान आखडून, अगदी चित्रातल्यासारखा उभा होता. हे श्वास रोखून रेखाटायला लागले. मग बगळ्याने दुसरा पाय खाली टाकला, दोन पावलं चालला आणि कुणीतरी टाकलेल्या बर्गरच्या पिशवीत डोकं घातलं. बराच वेळ ते बाहेर काढलंच नाही. ह्यांच्या वहीत त्या दिवशी बगळ्याचं फक्त बूड आलं.

खरी अडचण होती लाकडाची. प्लांटवर मशिनं ज्या खोक्यांतून येतात त्यांचं प्लायवूड ह्यांनी आणलं. कोरायला गेलं की त्याचे पापुद्रे निघायचे. पहिल्या बगळ्याची चोच उडाली, दुसऱ्याची मान. तिसरा धड कोरला गेला, पण ठसा उलटा उमटतो हे विसरल्यामुळे त्याचं तोंड नको त्या दिशेला आलं. "लाकूड जुनं पाहिजे," हे म्हणायचे. "मुरलेलं. एकजीव." वाळवंटात मुरलेलं लाकूड कुठून आणायचं? मी म्हणायचे, "खजुराचं झाड तोडा," आणि विषय संपवायचे. संपला असं मला वाटायचं.

त्याच सुमारास आईचा व्हिजिट व्हिसा आला.

आई भुसावळला असते. बाबा गेल्यापासून एकटीच. मी लग्न होऊन सौदीला निघाले तेव्हा तिने मला भांडीकुंडी काही दिली नाही. स्वतःच्या ओट्यावरचा पोळपाट उचलला, पुसला आणि जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या बॅगेत घातला. सागवानी, जाड, खाली तीन बुटके पाय. मी म्हटलं, "अगं नवा घेऊ ना!" तर म्हणाली, "नव्याला काय कळतं?" तिच्या इतक्या वर्षांच्या लाटण्याने तो मधोमध खोलगट झालेला होता. त्या खळग्यात तिची पोळी आपोआप गोल फिरायची. माझी फिरत नाही. माझी पोळी मधे पातळ आणि कडेला जाड होते, आणि हे ती जाड कड ताटाबाहेर काढून ठेवतात. मी शाळेत शिकवते, त्यामुळे आठवडाभर आमच्याकडे खुबूस, म्हणजे दुकानातली अरबी रोटी. शुक्रवारी मात्र पोळपाट निघतो. आईला हे माहीत आहे आणि मान्य नाही. फोनवर तिचा पहिला प्रश्न माझ्याबद्दल नसतो. "पोळपाट बरा आहे ना? तेलाचा हात देतेस ना?"

तर आई यायच्या आधीच्या आठवड्यात मी आणि लेक दोन दिवस रियाधला गेलो. मैत्रिणीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. रेल्वेने गेलो, तिळगूळ खाल्ला, वाण लुटलं, मजेत परत आलो. दार उघडताच हे म्हणाले, "डोळे मीट."

वीस वर्षांच्या संसारात ह्यांनी डोळे मिटायला सांगितलं आणि उघडल्यावर काही चांगलं दिसलं, असं एकदाही झालेलं नाही. तरी मी मिटले. उघडले तेव्हा टेबलावर आईचा पोळपाट होता, शाईने काळाकुट्ट. त्याच्यावर बगळा होता. एका पायावर उभा. वर फांदी, फांदीवर बर्फ, सगळं खोल कोरलेलं.

मला आधी कळेचना. मग कळलं.

"काय लाकूड आहे गं!" हे म्हणत होते. "लोण्यासारखं. मी अडीच महिने हेच शोधत होतो, आणि घरातच!"

"तो आईचा पोळपाट आहे."

"हो ना. म्हणून मी आधी खालच्या बाजूने करणार होतो. पण ते तीन पाय मधे येत होते. पाय कापून टाकावेत असा विचार आला होता, पण म्हटलं नको, तुला वाईट वाटेल. म्हणून वरच्या बाजूने केलं."

ह्या वाक्यावर मी काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. माझा आवाज वरच्या मजल्यावरच्या मल्याळी बाईंपर्यंत गेला असणार, कारण दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी माझा हात हातात घेतला आणि काही न विचारता थोपटला. लेक एवढंच म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट अ चकला. ऑर्डर अ न्यू वन." तिलाही मी सोडलं नाही.

बरं, ज्याच्यासाठी हा सगळा अत्याचार केला ते चित्र तरी नीट यावं? तेही येईना. शाई लावली, कागद ठेवला, वाटीने घासला. कडेकडेने फांदी छान उमटली, आकाश उमटलं, बगळ्याचे पाय उमटले, पण मधोमध एक मोठा पांढरा डाग. काळं पाणी जिथे यायला हवं तिथे काहीच नाही, आणि बगळ्याचं पोट कुठे संपतं तेही कळत नाही. वाटीचं बूड सपाट. ते खळग्यावरून नुसतंच सरकून जायचं आणि कागद खाली टेकायचाच नाही. हे दर वेळी नवा कागद लावायचे, दर वेळी तोच डाग. शेवटी ह्यांनी प्लांटवरून आणलेली पोलादी पट्टी पोळपाटावर आडवी ठेवली, खालून टॉर्च मारला आणि गंभीरपणे जाहीर केलं, "हा लेव्हलमध्ये नाहीये. मुळातच डिफेक्टिव्ह आहे."

मी रागाने पाणीसुद्धा न पिता झोपले.

सकाळी मात्र दोघांनाही एकच भीती होती. आई. जावयाला सासू कधी बोलत नाही, हा आमच्याकडचा नियम. जावई म्हणजे विष्णूचा अवतार. त्याने घर जाळलं तरी सासूबाई म्हणणार, उजेड छान पडला. म्हणजे आई जे काही बोलेल ते मला बोलेल. आणि बोलली नाही तर ते जास्त वाईट. ती दुखावली की गप्प होते. बाबा गेले त्यानंतर ती अशी गप्प झाली होती, आणि तिला बोलतं करायला आम्हाला फार दिवस लागले होते. ह्यांनी उपाय शोधला. प्लांटच्या वर्कशॉपमध्ये पोळपाट नेऊन वरून मशीनने तासायचा. बगळा जाईल, खळगा जाईल, आरशासारखा सपाट होईल. "आईंना उलट आनंद होईल," म्हणाले. मला इतकी घाई झालेली होती की मीही म्हटलं, न्या आत्ताच.

पण अबकैकच्या गेटमधून बाहेरची वस्तू आत नेणं म्हणजे खेळ नाही. तिथली सुरक्षा इतकी कडक, की साधा स्क्रू न्यायलाही गेटपास लागतो. ह्यांनी अर्ज केला: लाकडी, गोल, तीन पायांची वस्तू. उपयोग काय? ह्यांनी लिहिलं, ब्रेड बनवणे. वरून प्रश्न आला की ब्रेड बनवायची वस्तू प्लांटमध्ये कशाला? ह्यांनी लिहिलं, दुरुस्तीसाठी. मग विचारणा, कंपनीची वस्तू आहे का? नाही, सासूची. एवढं झाल्यावर अर्ज तीन टेबलांवर फिरायला लागला, आणि आईचं विमान दम्मामला उतरलं.

दरम्यान मी दम्मामच्या भारतीय दुकानात जाऊन नवा पोळपाट आणला होता. संगमरवरी आणि प्लॅस्टिकचे ढीगभर होते. लाकडी एकच निघाला. रंग बराचसा तसाच. त्याला तेल चोळलं, चहाच्या पाण्याने डाग पाडले, काठावर सुरीने दोन चरे ओढले. खरा पोळपाट सोफ्यामागे चित्रांच्या ढिगाऱ्यात लपवला. मला स्वतःचाच अभिमान वाटायला लागला होता.

शुक्रवारी सकाळी आईने आंघोळ केली, शाल पांघरली, गॅलरीतून बाहेर बघितलं आणि "उन्हाळ्याचं फार सांगता तुम्ही लोक, भुसावळपुढे हे काय असणार," असं म्हणून स्वयंपाकघरात शिरली. कणीक भिजवली. पोळपाट पुढ्यात घेतला. लाटणं त्याच्यावर एकदा फिरवलं. दुसऱ्यांदा फिरवलंच नाही.

"माझा कुठाय?"

"तोच तर आहे."

तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. आठवीत प्रगतिपुस्तकावर मी स्वतःच सही केली होती तेव्हा बघितलं होतं, तसंच. मी निमूटपणे सोफ्यामागून पोळपाट काढून आणला. हे दारात पेपरच्या आड उभे होते.

आईने तो दोन्ही हातांत धरला, खिडकीपाशी नेला. बराच वेळ बघितला. मग ह्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "बगळा छान काढलाय हो जावईबापूंनी." आणि तो ओट्यावर ठेवून आत खोलीत जाऊन पडली.

कणीक तशीच राहिली. दुपारी आईने खुबूस खाल्ला. माझ्या आईने, जिने आयुष्यात पावाला कधी जेवण म्हटलं नाही, तिने मुकाट्याने वरणाबरोबर खुबूस खाल्ला आणि "चांगला असतो की," म्हणाली. रात्रीही खुबूस. हे तर इतके बिचकले होते, की स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवलं.

शनिवारी सकाळी ह्यांचा फोन वाजला. हे आनंदाने ओरडले, "मंजूर! गेटपास मंजूर!" आणि मला अडवायची संधीही न देता आईपुढे जाऊन उभे राहिले. "आई, तुम्ही अजिबात वाईट वाटून घेऊ नका. उद्या मी पोळपाट घेऊन जातो, मशीनवर लावतो, दहा मिनिटांत बगळा खलास. एकदम नवा करून आणतो. तसाही त्याच्यात मुळात डिफेक्ट होता." आणि पुरावा म्हणून ह्यांनी सोफ्यामागचा सगळा ढिगारा आणून तिच्या मांडीवर ठेवला. "बघा ना, प्रत्येक चित्रात हा मधला पांढरा डाग. इथे लाकूड खाली गेलंय. तो खड्डा काढून टाकला की झालं!"

"खबरदार!" आई म्हणाली.

लेकीने कानातले हेडफोन काढले. वीस वर्षांत आईने जावयाला पहिल्यांदा दरडावलं होतं, आणि जावई विष्णूच्या अवतारातून उतरून सरळ शाळेतल्या पोरासारखे हात मागे बांधून उभे राहिले.

"खड्डा काढतायत म्हणे! तो खड्डा मी पाडलाय!" आईने मांडीवरच्या चित्रांवर हात आपटला. "ह्यांचा डबा, दिरांचे डबे, हिची शाळा, आला-गेला, सगळ्यांच्या पोळ्या आहेत त्याच्यात. हिचे बाबा दर दिवाळीला म्हणायचे, रंधा मारून आणतो, रंधा मारून आणतो. मी त्यांना हात लावू दिला नाही. तुम्ही कोण?"

मग तिलाच काय बोललो ते कळलं. तिने पदर तोंडाला लावला. जरा वेळाने मांडीवरची चित्रं एकेक करून बघायला लागली. प्रत्येक चित्राच्या मधोमध तिने तळहात ठेवला. डाग बरोबर तेवढाच होता. मला रडू आलं, आणि मी ह्याच खड्ड्याला "न्या आत्ताच" म्हटलं होतं ते आठवून आणखी आलं.

"आणि बगळा?" ह्यांनी अगदी हळू विचारलं.

आईने पोळपाट मागवला, बोट फिरवलं. "तो काढायचा तर माझा खड्डाही जाणार ना? मग राहू दे मेल्याला. उभा राहील एका पायावर." मग सुस्कारा सोडून म्हणाली, "संध्याकाळी तो जपानी माणूस जेवायला येणारेय ना? कणीक जास्त भिजव."

संध्याकाळी जपानी गृहस्थ आले. सोमवारी त्यांचं विमान होतं. ह्यांनी दिवसभर तोंड पाडलेलं होतं, कारण द्यायला धड चित्रच नव्हतं. आईने ओट्यापाशी उभी राहून लाटायला घेतलं. पोळपाट मी दुपारीच घासूनघासून धुतला होता, शाई सुटायची थांबली, पण काळा रंग लाकडात मुरला तो मुरलाच. तिने आधी पिठी भुरभुरली. पिठी बरोबर कोरलेल्या रेघांमध्ये जाऊन बसली, आणि काळ्या लाकडावर फांदी पांढरी झाली, बगळा पांढरा झाला. इतके दिवस ह्यांना शाईने जे जमलं नव्हतं ते तिने चिमूटभर पिठाने केलं, आणि तिला ते कळलंही नाही. ती पोळी चिकटतेय म्हणून जावयाच्या बगळ्याला शिव्या घालत होती.

पोळी पाहुण्यांच्या ताटात पडली. त्यांनी तोडायला हात लावला आणि थांबले. पोळीच्या वरच्या बाजूला बगळा उठला होता. त्यांनी बोट फिरवलं, दिवाळीत माझं फिरवलं होतं तसंच. मग ताट उचलून दिव्याखाली धरलं. मग ह्यांच्याकडे बघून खुर्चीत बसल्या बसल्या वाकले. पोळी खाईनातच.

"गार होतेय म्हणावं," आई आतून म्हणाली.

मी सांगितलं. त्यांनी पोळी खाल्ली, पण बगळ्याच्या कडेकडेने, आणि बगळा शेवटी ठेवला.

पाहुण्यांचं जेवण झाल्यावर ह्यांनी मान खाली घालून चित्रांचा ढीग पुढे केला. सगळी बिघडलेली आहेत, क्षमा करा, वगैरे. त्यांनी सगळी चित्रं जमिनीवर मांडली, गुडघ्यांवर बसून पाहिली आणि एक निवडलं. नेमकं ज्यात मधला डाग सगळ्यात मोठा होता ते. म्हणाले, "ह्यात बर्फ चांगला आहे." ह्यांनी लगेच कबूल केलं की हो, तो मुद्दामच तसा ठेवला होता. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघायला लागले.

मग त्यांनी कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "कुठला बर्फ?"

हे गडबडले. खोबरचा म्हणावं तर खोटं, अबकैकचा म्हणावं तर हसू येणार. हे अं-अं करत राहिले.

"काय विचारतायत ते?" आईने लाटता लाटता विचारलं.

"चित्रात बर्फ आहे ना, तो कुठल्या गावचा, असं विचारतायत."

तिने मान वर केली नाही. "भुसावळचा म्हणावं."

मी सांगितलं. ह्यांनी नकाशावर भुसावळ दाखवलं. त्यांनी ते नीट बघितलं, मग आईकडे वळून अदबीने विचारलं, तिथे बर्फ खूप पडतो का? मी तोही प्रश्न मराठीत आईपर्यंत पोचवला. मला वाटलं, आता ती हसेल.

ती हसली नाही. तिने खळग्यातली पिठी तळहाताने सारखी केली आणि म्हणाली, "पूर्वी रोज सकाळी पडायचा. आता एकटीपुरता पडतो, थोडासा."

ह्याचं भाषांतर मला जमलं नाही. मी पाहुण्यांना नुसतं "हो" म्हटलं. ह्यांनी पेन्सिल घेतली आणि चित्राच्या कोपऱ्यात गावाचं नाव घातलं. मी आत गेले, आईच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि म्हटलं, तू बस आता, तुझी पोळी मी लाटते. ती नको-नको म्हणत टेबलाशी जाऊन बसली. माझी पोळी नेहमीसारखी मधे पातळ आणि कडेला जाड झाली. आईने कडेसकट सगळी खाल्ली आणि आणखी एक मागितली.